इंग्रजी सामासिक शब्दांची अक्षरफोड आणि आघात

इंग्रजी उच्चार सुधारू पाहणारा मराठी भाषक आपले बहुतेक श्रम सुट्या ध्वनींवर खर्च करतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांतील फरक, 'थिंक'मधील घर्षक 'थ', 'प्लेझर'मधील 'झ' यांचा सराव तो मनापासून करतो आणि एवढे साधले की उच्चार सुधारला असे मानतो. प्रत्यक्षात इंग्रजी ऐकणारा माणूस शब्द ओळखतो तो पुष्कळदा त्याच्या ठेक्यावरून, म्हणजे शब्दात अक्षरे किती आणि त्यांपैकी कोणत्या अक्षरावर जोर आहे यावरून; ठेका चुकला तर सर्व ध्वनी बिनचूक असूनही तो क्षणभर अडखळतो. दोन शब्द एकत्र येऊन झालेल्या सामासिक शब्दांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण तेथे जोराची जागा हलली की कित्येकदा अर्थही हलतो. 'इंग्लिश टीचर' हे शब्द पहिल्या पदावर जोर देऊन उच्चारले तर इंग्रजी हा विषय शिकवणारा शिक्षक असा अर्थ होतो आणि दुसऱ्या पदावर मुख्य जोर दिला तर इंग्लंडचा रहिवासी असलेला शिक्षक असा होतो. सांगली-साताऱ्याकडील एखाद्या इंग्रजीच्या शिक्षकाने परदेशी पाहुण्यापुढे दुसऱ्या पद्धतीने स्वतःची ओळख करून दिली, तर पाहुण्याच्या चेहऱ्यावर उमटणारे आश्चर्य व्याकरणदृष्ट्या अगदी योग्य म्हणावे लागेल.

विषयाला हात घालण्यापूर्वी दोन संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. 'अक्षर' हा शब्द मराठीत लिपीतील वर्णासाठीही वापरला जातो आणि उच्चाराच्या घटकासाठीही. या लेखात तो दुसऱ्या अर्थाने, म्हणजे ओवी किंवा अक्षरगणवृत्त मोजताना ज्या अर्थाने वापरतात त्याच्या जवळच्या अर्थाने घेतला आहे. एक स्वर आणि त्याला मागून-पुढून चिकटलेली व्यंजने मिळून जो एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा होतो, ते एक अक्षर. इंग्रजी वर्गात त्यालाच सिलॅबल म्हणतात. दुसरी संज्ञा 'आघात', म्हणजे वर्गातला स्ट्रेस. मराठीतही बोलताना काही अक्षरे ठसठशीत होतात, पण आघाताची जागा बदलल्याने मराठी शब्दाचा अर्थ बदलत नाही. मराठी कान लघु-गुरूकडे, म्हणजे अक्षराच्या लांबीकडे लक्ष देतो, तर इंग्रजी कान आघाताकडे. या फरकामुळेच मराठी भाषक इंग्रजी सामासिक शब्दातील प्रत्येक गुरू अक्षराला सारखे वजन देतो, 'ब्लॅक' आणि 'बोर्ड' हे दोन्ही तुकडे सारख्याच ताकदीने म्हणतो आणि शब्द सामासिक आहे ही खूणच पुसून टाकतो. सोयीसाठी पुढे अक्षरांच्या मध्ये आडवी रेघ आणि मुख्य आघाताच्या अक्षराआधी वरच्या अंगाला छोटी उभी रेघ दिली आहे, जसे, ˈब्लॅक-बोर्ड.

अक्षरफोडीचा पहिला नियम असा की सामासिक शब्द आधी सांध्यावर तोडावा आणि मगच प्रत्येक पदाची अक्षरे पाडावीत. हा क्रम उलटा केला, म्हणजे संपूर्ण शब्दावर डावीकडून उजवीकडे नजर फिरवत अक्षरे पाडत गेले, तर इंग्रजी लेखनपद्धती वाचकाला हमखास फसवते. 'होमवर्क', 'फायरप्लेस', 'सेफगार्ड', 'बेसबॉल' या शब्दांच्या पोटात पहिल्या पदाच्या शेवटचा अनुच्चारित 'ई' दडलेला असतो. सांधा न ओळखणारा त्याला स्वर समजतो आणि 'बेसबॉल'ची तीन अक्षरे करतो. त्याहून मोठा खड्डा 'एच' या वर्णाचा. पूर्वपद 'टी', 'पी' किंवा 'एस'ने संपून उत्तरपद 'एच'ने सुरू झाले की लिहिताना 'थ', 'फ', 'श' यांच्या इंग्रजी जोड्या तयार होतात, पण उच्चारात त्या जोड्या नसतातच. 'हॉटहाउस' हॉट-हाउस असाच म्हणायचा, 'लूपहोल' लूप-होल असा, आणि महानगरपालिकांच्या कृपेने वर्तमानपत्रांच्या वाचकांना रोजचा झालेला 'पॉटहोल'ही पॉट-होल असाच. 'मिसहॅप' हा काटेकोरपणे दोन स्वतंत्र शब्दांचा समास नसून उपसर्ग लागलेला शब्द आहे, पण सांधा तेथेही आहे आणि 'मिशॅप' असा उच्चार करणारे सुशिक्षित लोक कमी नाहीत.

सांध्यावरच्या द्वित्ताचेही असेच आहे, आणि येथे मराठी भाषकाला एक नैसर्गिक फायदा मिळतो. 'हॅपी', 'समर', 'लेटर' या शब्दांत व्यंजन दोनदा लिहिलेले असले तरी ते एकदाच उच्चारायचे असते. 'हॅप्पी' हा उच्चार मराठी किंवा पंजाबी वळणाचा आहे, इंग्रजी नव्हे. याउलट 'बुककेस', 'बुककीपर', 'टीममेट' या सामासिक शब्दांत सांध्याच्या दोन्ही बाजूंना तेच व्यंजन येते, आणि तेथे जीभ किंवा ओठ त्या जागी क्षणभर रोखून मग सोडायचे असतात, अगदी 'पक्का' किंवा 'सम्मती' म्हणताना रोखतो तसे. थोडक्यात, शब्दाच्या आत द्वित्त असेल तर ते डोळ्यांसाठी आणि सांध्यावर असेल तर कानांसाठी.

सांधा उच्चारात कसा टिकून राहतो, हे पाहण्यासाठी दोन जोड्या बारकाईने ऐकण्यासारख्या आहेत. पहिली जोडी 'नायट्रेट' आणि 'नाइट रेट'. वर्ण लावून पाहिले तर दोन्हींत तेच ध्वनी त्याच क्रमाने येतात. पहिला एकसंध शब्द आहे, म्हणून 'ट' आणि 'र' पुढच्या अक्षराच्या सुरुवातीला एकत्र जातात आणि त्यांचा मिळून 'च्र'कडे झुकणारा एकच घासता ध्वनी होतो; दुसऱ्यात, म्हणजे रात्रीच्या दरात, 'ट' हा 'नाइट'चा शेवट असल्यामुळे तो जागच्या जागी दाबला जातो, त्याआधीचा स्वर आखूड होतो आणि 'र' स्वच्छपणे नव्याने सुरू होतो. दुसरी जोडी 'पीस टॉक्स', म्हणजे शांततेच्या वाटाघाटी, आणि 'पी स्टॉक्स', म्हणजे वाटाण्याचे देठ. आघात असलेल्या अक्षराच्या सुरुवातीला आलेला इंग्रजी 'ट' हवेच्या झोतासह उच्चारला जातो आणि 'ठ'च्या जवळ जातो. तोच 'ट' त्याच अक्षरात 'स'च्या मागे आला तर झोत नाहीसा होतो. त्यामुळे वाटाघाटींतला 'टॉक' जवळजवळ 'ठॉक' असा ऐकू येतो आणि देठांतला 'स्टॉक' साध्या 'ट'चा. इंग्रज माणसाला हा फरक सांगूनही चटकन ऐकू येत नाही, कारण त्याच्या भाषेत 'ट' आणि 'ठ' हे वेगळे वर्ण नाहीत; मराठी कानाला मात्र तो पहिल्याच खेपेला स्पष्ट होतो. मराठी भाषकाची अडचण ऐकण्यात नसून करण्यात आहे, कारण तो स्वतः सर्वत्र बिनझोताचा 'ट' वापरतो आणि दोन्ही ठिकाणी देठांविषयीच बोलत राहतो.

एकसंध शब्दात मात्र अक्षरे पाडताना व्यंजने शक्य तितकी पुढच्या अक्षराकडे ढकलावीत, असे अनेक ध्वनिशास्त्रज्ञ मानतात. अट एवढीच की जो व्यंजनगट पुढच्या अक्षराच्या आरंभी येणार तो इंग्रजी शब्दाच्या आरंभी येऊ शकणारा असला पाहिजे. 'नायट्रेट'मध्ये 'ट्र' एकत्र जातो तो याच कारणाने. या नियमाच्या तपशिलांवर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण सामासिक शब्दांपुरते त्यात गुंतण्याचे कारण नाही, कारण सांधा ही व्यंजनांना अडवणारी भिंत असते आणि ती ओलांडून कोणतेही व्यंजन पलीकडे ढकलायचे नसते.

कोशातील मुख्य शब्दात जे ठिपके दिसतात त्यांविषयी येथेच एक सूचना केली पाहिजे. अनेक इंग्रजी कोशांत, विशेषतः अमेरिकन कोशांत, शब्दाच्या मध्ये दिलेले ठिपके हे ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर कोठे तोडावा हे मुद्रकाला सांगण्यासाठी असतात. ती उच्चाराची अक्षरफोड नव्हे. अमेरिकेत शब्द उच्चारानुसार तोडण्याचा आग्रह नोआ वेबस्टरने 1783 सालच्या आपल्या स्पेलिंगच्या पुस्तकापासून धरला आणि 'क्ल-स्टर'ऐवजी 'क्लस-टर' अशी फोड रूढ केली, तर ब्रिटिश मुद्रकांनी पुष्कळ काळ व्युत्पत्तीला मान दिला. सामासिक शब्दांच्या बाबतीत सुदैवाने दोन्ही परंपरा शब्द सांध्यावरच तोडतात. पण उच्चार पाहायचा तर कंसातील किंवा तिरप्या रेघांमधील ध्वनिलेखन पाहावे, ठिपके नव्हेत. तसेच सामासिक शब्द जोडून लिहिला आहे, मध्ये संयोगचिन्ह आहे की पदे सुटी आहेत, यावरूनही आघात ठरवू नये. 'ब्लॅकबोर्ड' जोडून लिहितात आणि 'बस स्टॉप' सुटा, तरी दोन्हींचा आघात पूर्वपदावरच असतो. 2007 साली शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या सहाव्या आवृत्तीत सुमारे 16,000 शब्दांतील संयोगचिन्हे काढून टाकली गेली. त्या शब्दांचे लेखन बदलले, उच्चार मात्र होते तसेच राहिले.

आता आघाताकडे वळावे. आघात देणे म्हणजे ओरडणे, असा एक समज वर्गांत आढळतो आणि तो दूर केला पाहिजे. इंग्रजी आघातात आवाजाची उंची, अक्षराची लांबी, स्वराचा स्पष्टपणा आणि शेवटी मोठेपणा या चार गोष्टी एकत्र काम करतात, आणि त्यांपैकी उंचीतील बदल कानाला सर्वांत आधी जाणवतो. 'ब्लॅकबोर्ड' म्हणताना सूर 'ब्लॅक'वर उंचावून तेथेच खाली उतरतो आणि 'बोर्ड' खालच्या पट्टीत, पण पूर्ण स्वरासह म्हटला जातो. 'बोर्ड'चा 'बर्ड' होत नाही. म्हणजे उत्तरपद गौण होते, पण पुसले जात नाही. याउलट 'ब्लॅक बोर्ड' म्हणजे कोणतीही काळी फळी. तेथे 'ब्लॅक'लाही वजन असते, पण सुराची मुख्य उतरण 'बोर्ड'वर येते. हिरवा ब्लॅकबोर्ड असू शकतो, हिरवा 'ब्लॅक बोर्ड' असू शकत नाही. 'ग्रीनहाउस' म्हणजे रोपांसाठीचे काचघर आणि 'ग्रीन हाउस' म्हणजे हिरवे घर, 'डार्करूम' म्हणजे छायाचित्रे धुण्याची खोली आणि 'डार्क रूम' म्हणजे दिवा नसलेली कोणतीही खोली. वॉशिंग्टनमधील अध्यक्षांच्या निवासस्थानाच्या नावातही आघात 'व्हाइट'वर येतो. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी 1968 सालच्या आपल्या ग्रंथात याच फरकाचे दोन नियम केले. पदसमूहात शेवटचे पद बलवान आणि सामासिक नामात पहिले पद बलवान, असा त्यांचा गाभा.

नियम सुटसुटीत आहे, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण दोन नामे शेजारी आली की प्रत्येक वेळी पहिलेच बलवान ठरते असे नाही. 'टॅक्सी ड्रायव्हर'चा आघात 'टॅक्सी'वर आणि 'ॲपल पाय'चा मात्र 'पाय'वर. येथे बहुतेक इंग्रजी पुस्तके अपवादांच्या याद्या देतात आणि विद्यार्थी त्या पाठ करण्याच्या मागे लागतो. मराठी वाचकाला त्याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे, आणि तो शाळेतच शिकवलेला असतो: समासाचा विग्रह. दोन पदांमध्ये कोणता संबंध आहे हे सांगून समास सोडवणे म्हणजे विग्रह, आणि इंग्रजी सामासिक नामांचा आघात बऱ्याच प्रमाणात या संबंधावरच ठरतो.

'पोळपाट' म्हणजे पोळीसाठी पाट आणि 'गायरान' म्हणजे गाईसाठी रान. हा चतुर्थी तत्पुरुष. इंग्रजीत ज्या समासाचा विग्रह 'साठी' घालून होतो त्याचा आघात जवळजवळ नेहमी पूर्वपदावर येतो: ˈटी-कप, ˈबस स्टॉप, ˈरी-डिंग रूम, ˈवॉ-शिंग म-शीन. 'शेतकरी', 'ग्रंथकार' यांसारख्या उपपद तत्पुरुषात उत्तरपद क्रिया करणाऱ्याचे असते आणि पूर्वपद त्या क्रियेचे कर्म असते. इंग्रजीतील 'टॅक्सी ड्रायव्हर', 'बुकसेलर' आणि विषय शिकवणारा 'इंग्लिश टीचर' हे त्याच घडणीचे आणि त्यांचाही आघात पूर्वपदावर. तृतीयेचा 'सनबर्न' आणि षष्ठीचे 'सनराइज', 'हार्टबीट' हेही याच बाजूचे. दुसरीकडे मध्यमपदलोपी समास पाहावा. पुरण घालून केलेली पोळी ती 'पुरणपोळी' आणि कांदे घालून केलेले पोहे ते 'कांदेपोहे'. मधले 'घालून केलेले' लोपलेले असते. इंग्रजीत पूर्वपद हे उत्तरपदाचा घटकपदार्थ किंवा कच्चा माल असेल, तर मुख्य आघात सामान्यतः उत्तरपदाकडे जातो: ॲ-पल ˈपाय, चीज ˈसँड-विच, कॉ-टन ˈशर्ट, ले-दर ˈबॅग, गोल्ड ˈरिंग. सप्तमी तत्पुरुषाचा, म्हणजे स्थळ किंवा काळ दाखवणाऱ्या समासाचा कलही पुष्कळदा तिकडेच असतो: कि-चन ˈसिंक, सिटी ˈसेंटर, समर ˈहॉलिडे, मॉर्निंग ˈपेपर. द्वंद्वाच्या घडणीचे, म्हणजे दोन्ही पदे समान दर्जाची असलेले शब्द, 'ॲक्टर-डिरेक्टर' किंवा चवीचे 'बिटरस्वीट', उत्तरपदावरच थांबतात. आणि बहुव्रीही, ज्यात दोन्ही पदे मिळून तिसऱ्याचाच बोध करून देतात, तो पुन्हा पूर्वपदाकडे येतो: 'रेडहेड' म्हणजे लाल डोके नव्हे, लाल केसांची व्यक्ती, 'एगहेड' म्हणजे पुस्तकी विद्वान, 'पिकपॉकेट' म्हणजे खिसेकापू.

ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. तत्पुरुष, बहुव्रीही आणि द्वंद्व या संस्कृत संज्ञा पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी जशाच्या तशा उचलल्या आणि इंग्रजी शब्दरचनेच्या ग्रंथांत त्या आजही वापरल्या जातात. शिवाय समासाचा प्रकार आणि स्वराघाताची जागा यांचा संबंध भारतीय वैयाकरणांना फार पूर्वी ठाऊक होता. पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायाचा दुसरा पाद त्यालाच वाहिला आहे. वैदिक स्वर हा सुराच्या उंचीचा होता, इंग्रजीसारखा बलाचा नव्हे, पण तत्त्व तेच. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी ज्या 'इंद्रशत्रु' शब्दाचा उल्लेख केला आहे त्याची कथा प्रसिद्ध आहे: इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याच्या यज्ञात हा शब्द उच्चारला गेला, पण उदात्त स्वर शेवटी येण्याऐवजी पहिल्या पदावर पडला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि इंद्राला मारणारा जन्मण्याऐवजी इंद्र ज्याला मारणार आहे असा वृत्र जन्मला. 'इंग्लिश टीचर'च्या आघाताची चूक इतकी महाग पडत नाही, पण जात तीच.

विग्रहाने बहुतेक शब्द सुटतात, सगळे नव्हेत, आणि उरलेल्यांत काही तर्काला पूर्णपणे दाद देत नाहीत. 'ज्यूस' आणि 'केक' हे दोन शब्द उत्तरपदी आले की घटकपदार्थाचा नियम मोडतात. ˈऑ-रेंज ज्यूस आणि ˈकॅ-रट केक हे 'ॲपल पाय'च्या शेजारी मांडले तरी आघात पूर्वपदावर ठेवतात. रस्त्यांच्या नावांत 'स्ट्रीट' हे उत्तरपद कायम दुबळे असते आणि 'रोड', 'ॲव्हेन्यू', 'लेन', 'ड्राइव्ह' ही कायम बलवान. म्हणून लंडनचे ˈऑक्स-फर्ड स्ट्रीट, पण न्यूयॉर्कचे मॅडिसन ˈॲव्हेन्यू आणि मुंबईचे मरीन ˈड्राइव्ह. यामागे अर्थाचा कोणताही फरक नाही. अशा शब्दांसाठी व्यवहारी उपाय हाच की ते पूर्वपदानुसार नव्हे, तर उत्तरपदानुसार लक्षात ठेवावेत, कारण आघाताची सवय उत्तरपदाच्या घराण्यात चालत येते. एका 'स्ट्रीट'चा उच्चार कळला की सर्व स्ट्रीटांचा कळतो. काही शब्दांत खुद्द ब्रिटिश आणि अमेरिकन लोक वेगळे वागतात. आपल्याकडे 'हेडमास्तर' होऊन रुळलेल्या शब्दाचा आघात ब्रिटिश उच्चारात 'मास्टर'वर आणि अमेरिकनमध्ये 'हेड'वर असतो.

क्रियापद आणि अव्यय यांच्या जोडीतून झालेली नामे हा सर्वांत सोपा गट. क्रियापद म्हणून वापरताना 'टेक ऑफ', 'ब्रेक डाउन', 'चेक आउट' यांत जोर अव्ययावर, आणि नाम झाले की ˈटेकऑफ, ˈब्रेकडाउन, ˈचेकआउट असा पूर्वपदावर. 'रनर-अप' आणि 'पासर-बाय' हे दोन मात्र नामे असूनही जोर शेवटी ठेवतात, आणि बक्षीस समारंभांत पहिला शब्द सर्रास चुकतो.

सामासिक विशेषणांत वेगळेच काही घडते. 'ओल्ड-फॅशन्ड', 'बॅड-टेंपर्ड', 'सेकंड-हँड', 'होममेड', 'ड्यूटी-फ्री' यांचा मुख्य आघात, ती वाक्याच्या शेवटी एकटी आली तर, उत्तरपदावर असतो. पण पुढे नाम आले आणि त्या नामाच्या सुरुवातीलाच आघात असला, की दोन जोर अंगावर येऊ नयेत म्हणून विशेषणाचा आघात मागे सरकून पूर्वपदावर जातो. पुस्तक 'सेकंड-ˈहँड' आहे, पण दुकान 'ˈसेकंड-हँड ˈबुकशॉप'. ही सरकण्याची क्रिया सामासिक विशेषणांपुरती मर्यादित नाही. संख्यावाचक 'थर्टीन' एकटा असताना 'टीन'वर जोर घेतो आणि 'थर्टीन मेन' म्हणताना तो 'थर्'वर नेतो. एरवी 'थर्टी' आणि 'थर्टीन' यांतला फरक ऐकणारा मुख्यतः आघातावरूनच करतो, शेवटच्या 'न'वरून नव्हे, आणि दूरध्वनीवर रक्कम किंवा खोलीचा क्रमांक सांगताना मराठी भाषकांची जी तारांबळ उडते तिचे कारण बहुधा हेच असते.

तीन पदे आली तर आधी कोणती दोन जवळची हे ठरवावे लागते. 'किचन टॉवेल रॅक' या शब्दसमूहाचे दोन विग्रह संभवतात. स्वयंपाकघरातील टॉवेलांसाठीचा रॅक असा विग्रह केला तर 'किचन टॉवेल' ही जोडी पूर्वपद ठरते आणि मुख्य आघात 'किचन'वर येतो. स्वयंपाकघरातील टॉवेल-रॅक असा केला तर उत्तरपद स्वतःच समास असते आणि मुख्य आघात त्या आतल्या समासाच्या पहिल्या पदावर, म्हणजे 'टॉवेल'वर जातो. मार्क लिबरमन आणि ॲलन प्रिन्स यांनी 1977 साली हे तत्त्व सूत्रबद्ध केले: सामासिक नामात उत्तरपद पुन्हा विभागता येत असेल तरच ते बलवान, अन्यथा पूर्वपद बलवान. कार्यालयीन इंग्रजीत चार-पाच नामांच्या ज्या लांबलचक माळा लावल्या जातात त्यांनाही हाच नियम पदोपदी लावत गेले की वाट सापडते. अर्थात अशी माळ लिहिण्याआधी तोडणे अधिक शहाणपणाचे.

शेवटी जुन्या, झिजलेल्या समासांकडे लक्ष दिले पाहिजे, कारण सांध्यावर तोडण्याचा नियम त्यांना लावला तर उच्चार बिघडतो. शतकानुशतकांच्या वापराने ज्यांचे उत्तरपद आघाताविना दुबळे होत गेले अशा शब्दांत त्या पदाचा स्वर अस्पष्ट 'अ' होऊन राहतो. 'कप' आणि 'बोर्ड' मिळून झालेला शब्द 'कबर्ड' असा उच्चारतात; 'ब्रेकफास्ट' हा 'ब्रेकफस्ट' होतो; 'शेपर्ड'मधून 'ह' गेला; बंदरांच्या नावांतील 'माउथ' हे पद 'प्लिमथ' आणि 'पोर्ट्समथ' यांत 'मथ' एवढेच उरले; आणि जहाजावरच्या 'बोट्स्वेन'चा उच्चार तर 'बोसन' इतका आक्रसला. 'मॅन' या पदाचे वागणे विशेष पाहण्यासारखे आहे. 'पोस्टमन', 'पलीसमन' यांत ते दुबळे होऊन 'मन' होते आणि 'स्नोमॅन', 'सुपरमॅन' यांत पूर्ण स्वर राखते. सामान्यतः जुने, नित्याच्या व्यवसायांचे शब्द पहिल्या गटात आणि नवे किंवा गमतीने घडवलेले दुसऱ्यात. येथे मराठीनेच जपून ठेवलेला एक पुरावा हाताशी आहे. मराठीत 'पोस्टमन' आणि 'इंग्लंड' असेच लिहितात, 'पोस्टमॅन' आणि 'इंग्लँड' असे नव्हे. जे शब्द मराठीत कानावाटे आले त्यांनी इंग्रजीचा दुबळा स्वर बरोबर आणला, आणि जे पुस्तकावाटे आले ते प्रत्येक वर्णाचे देणे चुकते करत बसले. उच्चाराविषयी शंका आली आणि त्या शब्दाचे जुने मराठी रूप माहीत असेल, तर त्या रूपाचे ऐकावे. ते बऱ्याचदा शुद्धलेखनापेक्षा खरे बोलते. काही समासांत झीज इतकी झाली की सांधा उरलाच नाही. 'विंडो' आणि 'हजबंड' मुळात दोन पदांचे होते हे व्युत्पत्तिकोश उघडल्याशिवाय कळत नाही, आणि त्यांची अक्षरफोड एकसंध शब्दांसारखीच करावी.

सराव करताना नवा सामासिक शब्द आला की प्रथम सांधा शोधावा, नंतर प्रत्येक पदातील ऐकू येणारे स्वर मोजून अक्षरे पाडावीत, मग विग्रह करून आघाताची बाजू ठरवावी आणि शब्द मोठ्याने म्हणावा. आघात साधला की नाही हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे शब्द उच्चारण्याऐवजी ओठ मिटून केवळ गुणगुणावा. सूर ठरलेल्या अक्षरावर उतरला नाही, तर पूर्वीची समान वजनाची सवय कायम आहे असे समजावे. एकटा शब्द म्हणून थांबू नये, तो वाक्यात घालून पाहावा, कारण सामासिक विशेषणांचा आघात वाक्यातच सरकतो. नोंदवहीत शब्द वर्णानुक्रमाने न लिहिता उत्तरपदांच्या गटांनी लिहिले, तर 'स्ट्रीट', 'केक', 'रूम', 'मशीन' अशी घराणी आपोआप तयार होतात आणि अपवाद उठून दिसतात.

पडताळणीसाठी केवळ अर्थ देणारा कोश पुरेसा नाही, उच्चारकोश हवा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील डॅनिअल जोन्स यांचा इंग्लिश प्रोनाउन्सिंग डिक्शनरी हा कोश 1917 साली निघाला आणि सुधारित रूपात अजून चालू आहे. जॉन वेल्स यांचा लाँगमन प्रोनन्सिएशन डिक्शनरी 1990 साली आला आणि त्यात सुट्या पदांच्या समासांचेही आघात मोठ्या संख्येने दिले आहेत, जे सामान्य कोशांत क्वचित मिळतात. या कोशांत आघाताची रेघ अक्षराच्या आधी असते, वरची मुख्य आघाताची आणि खालची दुय्यम आघाताची. काही जुन्या कोशांत ती अक्षराच्या नंतर देत, तेव्हा कोशाची प्रस्तावना वाचल्याशिवाय खुणांवर विसंबू नये. एकाच शब्दाचे दोन उच्चार दिलेले आढळले, तर विद्यार्थ्याने त्यांतला पहिला घ्यावा आणि तोच सातत्याने वापरावा.